तळओळीतले नाव : जिल्हापत्रांची नीती आणि तिची किंमत

१

मराठी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात एक ओळ छापलेली असते. हे पत्र कोणी छापले, कोठल्या छापखान्यात छापले, कोणी आणि कोठून प्रसिद्ध केले, संपादक कोण, एवढेच ती सांगते. सर्वसाधारण वाचकाचे तिच्याकडे लक्ष जात नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र ती परिचयाची असते, कारण जुन्या पत्राचा काळ, स्थळ आणि चालक निश्चित करताना पहिला पुरावा तिचाच घ्यावा लागतो. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि मुद्रणस्थळ यांचा उल्लेख बंधनकारक केला. पुढे त्यात संपादकाच्या नावाची भर पडली. सरकारचा हेतू सरळ होता. आक्षेपार्ह मजकूर आलाच तर कोणाचे दार ठोठवायचे, हे त्याला आधीच ठाऊक असावे. तो कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. २०२३ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला आणि तो मार्च २०२४ पासून अमलात आला.

या तळओळीचा अर्थ पत्र कोठून निघते यानुसार बदलतो. मुंबईच्या दैनिकाच्या संपादकाचा ठावठिकाणा कळायला ती ओळ वाचावी लागते. तालुक्याच्या गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकाचे घर वाचकाला ती न वाचताही माहीत असते. ज्या नगराध्यक्षाविरुद्ध त्याने लिहिले तो दुसऱ्या दिवशी बाजारात समोर येतो. ज्या शिक्षणसंस्थेच्या कारभाराचे वाभाडे काढले तिच्याच शाळेत त्याची मुले शिकतात. ज्या दुकानदाराच्या भेसळीची बातमी हाती आली त्याचीच जाहिरात दिवाळी अंकाच्या मलपृष्ठावर असते, आणि तिचे पैसे छापखान्याची थकलेली बाकी देण्यासाठी आधीच खर्च झालेले असतात.

पत्रकारितेच्या नीतीची जी सूत्रे आपल्याकडे शिकवली जातात ती सारी अंतर गृहीत धरतात. वार्ताहराने तटस्थ असावे, हितसंबंधांपासून दूर राहावे, ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याकडून काही घेऊ नये. ही सूत्रे चुकीची आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याला दूर राहायला जागाच नाही अशा माणसाने ती पाळायची कशी, हा प्रश्न ती सूत्रे विचारत नाहीत. मराठी जिल्हापत्रांचा इतिहास चाळताना आम्हांला वारंवार असे जाणवले, की पत्रकाराच्या सचोटीचा प्रश्न आपण त्याच्या स्वभावाचा प्रश्न म्हणून मांडत आलो. प्रत्यक्षात तो बऱ्याच अंशी त्याच्या आधाराचा प्रश्न होता : त्याच्या पाठीशी कोण उभे आहे, आणि त्याचे पोट कोणाच्या हाती आहे.

२

आपल्या वृत्तपत्रांचा जो इतिहास अभ्यासक्रमात शिकवला जातो तो मुख्यतः मुंबई-पुण्याचा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन. त्यानंतर 'प्रभाकर', 'ज्ञानप्रकाश', 'केसरी', 'सुधारक', 'काळ' अशी नामावळी येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्ह्याच्या गावांतून निघालेली पत्रे या नामावळीत तळटीपेपुरती उरतात. 'बेळगाव समाचार' १८६३ मध्ये निघाले, ठाण्याचे 'अरुणोदय' १८६६ मध्ये. रत्नागिरी, सातारा, सोलापूर, नगर, अकोला अशा ठिकाणीही त्याच सुमारास छापखाने उभे राहिले आणि साप्ताहिके निघू लागली. वर्गणीदार थोडे, वर्गणी थकलेली, खिळे झिजलेले. एकच गृहस्थ चालक, संपादक, मुद्रितशोधक आणि पुष्कळदा हिशेबनीसही. हे चित्र त्या काळच्या बहुतेक पत्रांना लागू पडते.

या पत्रांसमोरचा पहिला नैतिक पेच बातमीच्या उगमाचा होता. तार महाग, रेल्वे मोजक्या मार्गांवर, पगारी वार्ताहर ही कल्पनाच अजून रुजलेली नव्हती. मामलेदार कचेरीतला कारकून, शाळेचा पंतोजी, वकील, संस्थानातला एखादा असंतुष्ट नोकर हे पत्रे लिहीत, आणि संपादक ती छापत असे. पुष्कळदा खाली नाव नसे. 'एक नागरिक', 'सत्यप्रिय' अशी सही असे. लिहिणाऱ्याला नाव देणे परवडत नव्हते, कारण तो त्याच गावात राहत होता. त्यामुळे तळओळीत ज्याचे नाव छापलेले असे त्याच्यावर इतर सर्वांच्या निनावीपणाचा भार येऊन पडत असे.

हा भार किती जड असू शकतो, हे १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात दिसले. हा खटला सहसा टिळक-आगरकरांच्या चरित्रांतला एक तेजस्वी प्रसंग म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो येथे एका दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. जिल्ह्याची बातमी शहरातल्या पत्राने कशाच्या भरवशावर छापावी, याचा तो आपल्याकडचा पहिला मोठा धडा आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे आरोप 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी केले. पुराव्यादाखल काही पत्रे त्यांच्या हाती आली होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण शिक्षा टळली नाही. दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १८८२ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत एकशे एक दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी या दिवसांची हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली. मराठीतील तुरुंगलेखनाच्या परंपरेत त्या लहानशा पुस्तकाचे स्थान वाचकांना ठाऊकच आहे.

या प्रकरणाचा शेवट मात्र निकालाने झाला नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी, म्हणजे संपादक सुटल्यानंतर चौदा महिन्यांनी, चौथे शिवाजी अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या सोल्जराशी झालेल्या झटापटीत मरण पावले. म्हणजे ज्या कागदांवर बातमी उभी होती ते कागद खोटे होते, आणि ज्या माणसाविषयी ती होती त्याची दुर्दशा मात्र खरी होती. नीतिशास्त्राच्या वर्गात मांडावा असा हा पेच आहे. हेतू शुद्ध होता, संशय निराधार नव्हता, तरी पुरावा तपासलेला नव्हता. आणि त्या एका उणिवेपायी ज्याच्यासाठी लढायचे त्याचीच बाजू न्यायालयात लंगडी पडली. दुःख खरे असले म्हणून त्याचा खोटा पुरावा चालत नाही. उलट, दुःख खरे असेल तेव्हाच पुरावा अधिक कसून पारखावा लागतो, कारण पुरावा कोसळला की दुःखही खोटे ठरवले जाते. आजच्या तालुका वार्ताहराच्या मोबाइलवर रोज येणाऱ्या चित्रफिती आणि कागदांच्या छायाप्रती पाहिल्या तर हा धडा जुना झाला आहे असे कोणी म्हणणार नाही.

याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. टिळक-आगरकरांच्या जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीराव फुले यांनी रामशेट उरवणे यांच्यामार्फत दहा हजार रुपयांची सोय करून दिली. मतभेद तीव्र असतानाही सत्यशोधकांनी हा आधार दिला. ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळू.

तत्पूर्वी १८९७ सालाचा ओझरता उल्लेख आवश्यक आहे. त्या वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या 'प्रतोद' या लहानशा पत्राच्या संपादकावरही राजद्रोहाचा खटला भरला गेला. सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. उच्च न्यायालयाने ती पुढे पुष्कळच कमी केली. टिळकांच्या खटल्यासाठी देशभर वर्गणी जमली आणि इंग्लंडपर्यंत दाद मागण्यात आली. 'प्रतोद'चे नाव आज कायद्याच्या निवाडेसंग्रहात सापडते, वाङ्मयेतिहासात क्वचितच. जिल्ह्याच्या संपादकाला कायदा तोच लागतो. मात्र त्या कायद्यासमोर उभे राहण्याचे बळ त्याच्याकडे पुण्या-मुंबईच्या संपादकाइतके नसते.

३

स्थानिक पत्र हे 'गावाचे' पत्र, असे आपण सहज म्हणून जातो. पण गाव म्हणजे गावातली कोणती आळी? वेशीच्या आत कोणाच्या घरी मुंज झाली, कोणता कीर्तनकार आला, कोणते साहेब दौऱ्यावर होते याच्या बातम्या जुन्या पत्रांत सापडतात. वेशीबाहेर काय घडले याची बातमी बहुधा सापडत नाही. ती दडपली गेली असेही प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. पुष्कळदा ती बातमी आहे हेच संपादकाच्या मनात आलेले नसते. शेजारधर्म सांभाळणाऱ्या पत्रकाराने आपला शेजारी कोणाला मानायचे, हे त्याच्या जातीने आणि पेठेने आधीच ठरवून ठेवलेले असे.

या मौनाला दोन उत्तरे मिळाली आणि दोन्ही मराठी पत्रकारितेच्या नीतीच्या दृष्टीने मूलगामी आहेत. पहिले उत्तर अहमदनगर जिल्ह्यातून आले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढले होते; शेतकरी आणि बहुजनांचे म्हणणे मांडणारे ते पहिले महत्त्वाचे पत्र. त्यांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते १९६७ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवले. सत्तावन्न वर्षे! ज्या काळात जिल्ह्याच्या गावी पत्र चालवणेही धाडसाचे होते त्या काळात एका माणसाने ते खेड्यात आणून जगवले. सावकार, कुलकर्णी, भिक्षुक ही 'दीनमित्र'ची टीकेची स्थाने होती, आणि ती माणसे काही पुण्यात राहत नव्हती. 'कुलकर्णी लीलामृत' हे मुकुंदरावांचे काव्य आणि 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' ही त्यांची कादंबरी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा उपहास कोठून धार घेतो हे कळेल. दप्तरातली नोंद शेतकऱ्याच्या विरोधात कशी फिरते, हे त्यांना गावातच दिसत होते.

'दीनमित्र'ला असे लिहिणे शक्य का झाले, याचे उत्तर केवळ मुकुंदरावांच्या निर्भयतेत शोधणे पुरेसे नाही. त्या पत्रामागे सत्यशोधक चळवळीने बांधलेला वाचकवर्ग होता. जलसे, सभा आणि परिषदा यांच्या जाळ्यातून हे पत्र गावोगाव पोहोचत असे, आणि ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला ते वाचून दाखवले जाई. ज्यांच्याविरुद्ध लिहायचे त्यांच्यावाचून चालू शकेल एवढा दुसरा आधार त्याने उभा केला, म्हणून ते लिहू शकले.

दुसरे उत्तर मुंबईतून आले, पण त्याचा जीव गावांत होता. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने 'मूकनायक' निघाले. राजर्षी शाहू छत्रपतींनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. या पाक्षिकाची जाहिरात रीतसर पैसे घेऊन छापावी, अशी विनंती 'केसरी'ला करण्यात आली आणि ती नाकारण्यात आली, हे आंबेडकरांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे. ज्या पत्राच्या संपादकांच्या जामिनासाठी १८८२ मध्ये फुल्यांनी धाव घेतली, त्याच पत्रात १९२० मध्ये अस्पृश्यांच्या पत्राला विकतचीही जागा मिळाली नाही. अग्रलेखातली मते ही पत्राची नीती, आणि जाहिरात हा व्यवहार, अशी वाटणी आपण करतो. या प्रसंगाने ती वाटणी निकालात काढली आहे. जाहिरात कोणाची घ्यायची आणि कोणाची परत पाठवायची, यातही पत्राची नीती तितकीच स्पष्ट लिहिलेली असते.

१९२७ मध्ये निघालेल्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने आंबेडकरांना एकट्याने लिहावे लागत. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या शीर्षकाचा त्यांचा लेख मराठी पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावा असा आहे, कारण त्यात पत्राच्या जमाखर्चाचा प्रश्न समाजापुढे उघडपणे मांडलेला आहे. आपले पत्र समाजाने पोसले पाहिजे, नाहीतर ते कोणाचे तरी मिंधे होईल, ही जाण त्यांच्या एकूण पत्रव्यवहारात आणि लेखनात सतत दिसते. पुढे १९४३ मध्ये न्या. रानड्यांवरील आपल्या भाषणात पत्रकारिता हा पेशा राहिला नसून धंदा झाला आहे, अशी कठोर टीका त्यांनी केली, तिच्यामागे हा वीस वर्षांचा अनुभव होता.

४

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, आणि येथून पुढचा भाग आम्ही जरा थांबून सांगणार आहोत, कारण आजच्या स्थानिक पत्रकाराची अडचण त्यातच घडली.

डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' काढला, तेव्हा मराठी वृत्तपत्राचे केंद्र मताकडून बातमीकडे सरकू लागले. गावातली बाजारभावाची, पाण्याची, रस्त्याची बातमी ही पहिल्या पानाच्या योग्यतेची असू शकते, हे मराठी वाचकाला पटले. बातमीसाठी बातमीदार हवा. तो तालुक्यालाही हवा. तालुका वार्ताहर नावाची संस्था अशी वाढली. १९५२ मध्ये न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला, त्याच्या शिफारशींनंतर १९५५ मध्ये श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला, वेतन मंडळे आली. पण वेतन मंडळाचा लाभ व्हायचा तर नेमणुकीचे पत्र हाती असावे लागते. तालुक्याच्या बहुसंख्य वार्ताहरांच्या हाती ते कधीच पडले नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठ्या दैनिकांनी जिल्हानिहाय आवृत्त्या काढल्या. त्याचा लाभ उघड होता. ज्या गावाचे नाव पूर्वी वर्षातून एकदा, पुराच्या किंवा खुनाच्या बातमीत येई, ते रोज छापून येऊ लागले. तोटा हळूहळू लक्षात आला. जिल्ह्याची बातमी जिल्ह्याच्याच पानांत अडकली. नांदेडच्या शेतकऱ्याचे दुःख साताऱ्याच्या वाचकापर्यंत जाईना, आणि ज्या मंत्र्याने ते वाचायला हवे त्याच्या मुंबईच्या अंकात ते नसेच. स्वतंत्र जिल्हापत्रांची जाहिरात या आवृत्त्यांकडे वळली. कित्येक जुनी साप्ताहिके सरकारी जाहिराती, न्यायालयीन व जमीन व्यवहारांच्या जाहीर नोटिसा आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या पुरवण्या यांवर कशीबशी उरली.

आणि या आवृत्त्यांचा पाया म्हणजे तो तालुका वार्ताहर. त्याला मिळणारे मानधन बहुधा नाममात्र. ते कुठे बातमीगणिक, कुठे महिन्याला ठरावीक, कुठे नाहीच. त्याऐवजी त्याला जाहिरातीवर कमिशन मिळते, आणि वर्षाला अमुक इतक्या जाहिराती आणायच्या असे उद्दिष्टही. पुष्कळ ठिकाणी तोच अंकांचा वितरकही असतो. म्हणजे सकाळी ज्या साखर कारखान्याच्या अध्यक्षाकडे शुभेच्छांची पानभर जाहिरात मागायला जायचे, त्याच कारखान्याने उसाचे पैसे थकवल्याची बातमी दुपारी पाठवायची. असा माणूस बातमी पाठवत नसेल तर त्याला भ्याड म्हणणे सोपे आहे. आम्हांला विचारावेसे वाटते, की ज्या संस्थेने बातमीदार आणि जाहिरात-विक्रेता एकाच देहात बसवला तिच्या नीतीचे काय? तालुक्याच्या गावात बातमी न छापण्यासाठी पैसे उकळणारी साप्ताहिके आहेत, हे खरे आहे आणि त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु खंडणीखोर साप्ताहिकाची निंदा करणारी प्रतिष्ठित पत्रे आपल्या वार्ताहराला वेतन न देता त्याच रस्त्याच्या तोंडाशी नेऊन सोडतात, याविषयी पत्रकार दिनाच्या भाषणांत कोणी बोलत नाही.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत हा प्रश्न झाकून ठेवणे अशक्य झाले. पी. साईनाथ यांनी दाखवून दिले, की तत्कालीन मुख्यमंत्र्यांची प्रशंसा करणारा शब्दशः एकच मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून प्रसिद्ध झाला होता. तो वाद पुढे निवडणूक आयोग आणि न्यायालयापर्यंत गेला. भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिचा नावानिशी लिहिलेला तपशीलवार अहवाल परिषदेने २०१० मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला नाही. तो केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांसमोर आला. 'पेड न्यूज' हा शब्द मराठीत रूढ झाला तो याच काळात.

या प्रकरणाची साहित्याच्या अभ्यासकांनी दखल घ्यावी असे एक अंग आहे. पूर्वीची लाच व्यक्तीला मिळे आणि ती लपवावी लागे. येथे बातमीचे दरपत्रक झाले. पत्राची भाषाच विकली गेली : प्रचारसभेचे वर्णन, 'उत्स्फूर्त प्रतिसाद', 'मतदारांमध्ये उत्साह' ही सारी वार्ताहराची शब्दकळा जाहिरातीने जशीच्या तशी उचलली. तळओळीत नाव संपादकाचे राहिले आणि मजकूर उमेदवाराच्या कार्यालयात तयार झाला. वाचकाला फसवले गेले ते खोट्या तपशिलाने फारसे नाही. हे कोण बोलत आहे याविषयीच फसवले गेले.

५

आतापर्यंत आम्ही पुराव्याची, आधाराची आणि पोटाची गोष्ट केली. उरते ती जिवाची.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर येथे 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला एका मोटारीने चिरडले; दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बारसू परिसरातल्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी आणि त्याभोवतीच्या जमीन व्यवहारांविषयी ते सातत्याने लिहीत होते. त्यांची या विषयावरची बातमी त्याच दिवशी सकाळी प्रसिद्ध झाली होती. मोटार चालवणारी व्यक्ती त्या बातमीशी संबंधित होती, असा आरोप आहे. तिच्यावर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्यात आले. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. आम्हांला येथे फक्त एवढे दाखवायचे आहे, की बातमी छापून येणे आणि रस्त्यात गाठ पडणे यांत एक दिवसही गेला नाही. लेखाच्या आरंभी आम्ही ज्या जवळिकीविषयी बोललो तिचा हा सर्वांत भयंकर अर्थ आहे.

पत्रकारांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला होता. राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१९ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा हवाच होता. तथापि ज्याला पत्राने कधी नेमणुकीचे पत्र दिले नाही, ज्याचे मानधन कोणत्याही पगारपत्रकावर नाही, त्याने आपण पत्रकार आहोत हे पोलीस ठाण्यात कसे सिद्ध करायचे? पुन्हा तोच प्रश्न येतो. तळओळीत ज्याचे नाव नाही आणि हजेरीपटावरही नाही, तो माणूस धोक्याच्या ठिकाणी मात्र सर्वांत पुढे उभा आहे.

शहरी पत्रकाराला मराठी साहित्याने रूप दिले. अरुण साधूंच्या 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस म्हटले की सत्तेचे नाट्य जवळून पाहणारा, पाहून हादरलेला मुंबईचा बातमीदार डोळ्यांसमोर येतो. तालुक्याच्या वार्ताहराची अशी एकही प्रतिमा आपल्या सामूहिक स्मरणात रुजलेली नाही. ग्रामीण कादंबरीत तो आला तर पुढाऱ्याच्या मागे फिरणारा, हारतुऱ्यांच्या गर्दीतला विनोदी माणूस म्हणून येतो. ही साहित्याची उणीव आम्हांला केवळ विषयाची उणीव वाटत नाही. ज्याच्या नैतिक संघर्षाची आपण कल्पनाच करू शकत नाही, त्याच्याकडून नीतीची अपेक्षा तरी कशाच्या आधारावर करायची?

६

आज तळओळच नाहीशी होऊ लागली आहे. २०२० च्या टाळेबंदीत वृत्तपत्रांच्या छपाईला आणि वितरणाला जबर फटका बसला. आवृत्त्या बंद पडल्या, माणसे घरी गेली. त्यांतल्या अनेकांनी मोबाइलवर बातम्या देणारी पोर्टले आणि वाहिन्या सुरू केल्या. तालुक्याच्या गावात आता हातात बूम माइक घेतलेली दहा-बारा माणसे एका पत्रकार परिषदेला दिसतात. यातून कधी एखादी बातमी अशी बाहेर येते जी कोणत्याही जिल्हा आवृत्तीने छापली नसती, आणि कधी एखाद्याची अब्रू अशी जाते जी कोणत्याही खुलाशाने परत येत नाही. १८८२ मध्ये बनावट कागद छापणाऱ्या संपादकाचे नाव-गाव वाचकाला माहीत होते; माफी मागायला आणि शिक्षा भोगायला तो हजर होता. कोणी छापले याचा पत्ताच लागू नये अशी सोय आज झाली आहे. निनावी पत्रलेखकाचा भार उचलणारा तो तळओळीतला माणूस उरला नाही, तर निनावीपणा हाच पत्रकारितेचा नियम होईल.

या इतिहासातून आम्ही काढतो तो निष्कर्ष मर्यादित आहे. सचोटी ही व्यक्तीचीच असते. तिला पर्याय नाही. मुकुंदराव पाटलांच्या जागी दुसरा कोणी असता तर सत्यशोधक वाचकवर्ग असूनही 'दीनमित्र' सत्तावन्न वर्षे चालले नसते. पण व्यक्तीच्या सचोटीला टिकण्यासाठी जी जमीन लागते ती समाजाने तयार करावी लागते, आणि आपल्याकडे ती जेव्हा जेव्हा तयार झाली तेव्हा वर्गणीदारांनी, चळवळींनी, जामीन राहणाऱ्यांनी ती केली. अब्रुनुकसानीचा जुना कायदा संपादकाला दोन प्रश्न विचारत आला आहे : हे खरे आहे काय, आणि हे लोकहितासाठी आहे काय? स्थानिक पत्रकार रोज त्यांची उत्तरे देत असतो. तिसरा प्रश्न मात्र वाचकाला विचारायला हवा : हे लिहिणाऱ्याचा खर्च कोण करतो? अंकाची किंमत आपण जितकी कमी देतो तितकी ती दुसरा कोणीतरी देत असतो, आणि त्याचे नाव तळओळीत छापलेले नसते.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी एक काम हाती घेण्यासारखे आहे. आपापल्या जिल्ह्यातल्या जुन्या साप्ताहिकांच्या फाइली नगर वाचनालयांच्या माळ्यांवर कसरीच्या तोंडी पडल्या आहेत. त्या काढाव्यात आणि अग्रलेखांच्या आधी शेवटचे पान पाहावे. जाहिराती कोणाच्या आहेत, वर्गणीची पोच कोणाकोणाला दिली आहे, माफी कोणाची मागितली आहे, आणि तळाशी कोणाचे नाव किती वर्षे टिकले आहे, हे मांडले तर मराठी पत्रकारितेच्या नीतीचा खरा इतिहास तेथूनच लिहायला सुरुवात होईल.